मागच्या दारी पाहुणा

रविवारी पहाटे धूर वर चढत नाही. उमूच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या चुलीच्या, खोपटातून निघतो, केळीच्या पानांना टेकतो आणि मग जमिनीलगत सरपटत खाडीकडे जातो. तिथे तो पाण्यावरच्या धुक्यात मिसळला, की कुठला धूर आणि कुठलं धुकं हे सांगता येत नाही. फिआसिली लहान होती तेव्हा तिला वाटायचं, गावातल्या सगळ्या घरांची स्वप्नं अशीच समुद्रात सोडली जातात, आणि मग माणसं जागी होतात.

आज ती त्या धुराच्याही आधी उठली होती. पायरीवर बसून ती रस्त्यावरच्या मोटारीची चाहूल घेत होती आणि कालचं बोलणं तिच्या डोक्यात फिरत होतं.

काल सामना संपल्यावर तानिएलू मागच्या वाटेने आला होता. तानिएलू शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच आणि तिच्या मुलीचा नवरा. सासूपुढे त्याला खोटं बोलता येत नसे.

"बोल की. तोंड पाडून काय उभा राहिलास?"

"आई, तो ब्रॅनम नाही म्हणणार. अजून म्हणाला नाहीये, पण म्हणणार."

ब्रॅनम म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या, तिकडे बर्फाच्या मुलखातल्या एका विद्यापीठाचा माणूस. त्यांच्या संघासाठी शाळांमधली पोरं हेरत फिरणं हेच त्याचं काम. गुरुवारच्या विमानाने तो इथे, सामोआतल्या तुतुइला बेटावर उतरला होता, सोमवारच्या विमानाने जाणार होता. त्याच्याकडे जागा एकच होती आणि मुलं दोन. एक पश्चिमेकडच्या गावातला, दुसरा फिआसिलीच्या धाकट्या बहिणीचा पेनी. बहीण अलास्कात मासळीच्या कारखान्यात होती. पेनी तीन वर्षांचा असल्यापासून फिआसिलीच्या हाताखाली वाढला होता.

"का नाही म्हणेल? पडला का पेनी?"

"पडला असता तर सोपं होतं. त्याने समोरची अर्धी फळी लोळवली. पण ब्रॅनम म्हणाला, हा मुलगा दर वेळी बरोबर जागी पोचतो, पण एकटाच पोचतो." तानिएलूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लाइनबॅकरचं काम नुसतं पाडायचं नसतं, आई. तो रांगेच्या मागे उभा असतो, त्याला समोरचा डाव आधी कळतो. कळला की ओरडून बाकीच्यांना जागा द्यायच्या. आपला पेनी ओरडतच नाही."

"मग कोण ओरडतं?"

"पाळकांचा मुलगा. आणि तो चुकीचं ओरडतो. मी पेनीला विचारलं, तुला दिसतं तर सांगत का नाहीस? तर म्हणतो, तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. मोठ्यांच्या आधी कसं बोलायचं?"

फिआसिलीच्या हातातला पंखा थांबला. ते वाक्य तिचं होतं. चौतीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग शिकवला, आणि दर वर्षी पहिल्या दिवशी तिने हेच वाक्य शिकवलं. मोठ्यांच्या आधी बोलू नये. मोठ्यांच्या डोळ्यांत बघू नये. बसलेल्या माणसांसमोरून जाताना कमरेत वाकून 'तुलोऊ', माफ करा, म्हणावं. अर्धं गाव तिच्या हाताखालून असं वाकून गेलं होतं, आणि त्यात सगळ्यांत छान वाकणारा पेनी होता.

"सामन्यानंतर ब्रॅनमने त्याला पाच प्रश्न विचारले," तानिएलू म्हणाला. "पाचही उत्तरं पेनीने स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला दिली. पश्चिमेकडचा पोरगा बघा, विचारलं एक की सांगतो चार."

"आणि उद्याच्या जेवणात?"

"उद्याचं तर विचारूच नका. वायफाले मामांनी पेनीला बजावलंय, पाहुण्यासमोर तोंड उघडायचं नाही. मान खाली, हात चालू. म्हणजे पाहुण्याला कळेल, आपलं पोर कसं वळणाचं आहे."

वायफाले तिचा थोरला भाऊ आणि कुळाचा मताई. कुळातलं कोणी कुठे जायचं, कोणी राहायचं हे त्याच्या शब्दावर ठरे.

फिआसिलीने पंखा चटईवर ठेवला. मग म्हणाली, "ब्रॅनमला पहाटे साडेपाचला घेऊन ये."

"जेवण बाराला आहे, आई."

"जेवायला नाही. उमूपाशी."

तानिएलू हसला, आणि ती हसत नाही हे बघून थांबला. पाहुण्याने पान बघावं, चूल बघू नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पाहुणा समोरच्या घरात खांबाला टेकून बसतो, अन्न त्याच्यापुढे आपोआप उगवल्यासारखं येतं. मागचा घाम आणि धूर त्याला दिसला, तर घराची अब्रूच दिसली म्हणायची.

"मामा मला गावाबाहेर काढतील."

"तुला कशाला काढतील? तू नुसता निरोप्या."

"मार आधी निरोप्यालाच बसतो," तानिएलू म्हणाला, पण टोपी घालून गेला.

आता धुक्यातून त्याच्या गाडीचे दिवे आले आणि विझले. ब्रॅनम उतरला. उंच, पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांत आखडलेला माणूस. पायऱ्या उतरताना तो आधी एक पाय ठेवी, मग दुसरा त्याच्या शेजारी आणी.

"आपण लवकर आलो का?" त्याने हळूच विचारलं.

"बरोबर वेळेला आलात," फिआसिली म्हणाली. "बोलू नका फक्त. इथे या नीरफणसाच्या झाडामागे उभे राहा."

खोपटाला भिंती नव्हत्या. चार खांब, वर पत्रा, आणि मध्ये लाकडांच्या ढिगावर रचलेले दगड. लाकडं जळून बसत आली होती, दगडांवर राखाडी साय धरली होती. भोवती सात भाऊबंद, सगळे पेनीहून लहान. कोणी नारळ खवत होता, कोणी माडाच्या दांड्याच्या चिमट्याने निखारे ओढत होता. पेनी एका बाजूला उभा होता. उघडा, कमरेला लुंगी, सतराव्या वर्षीच खांबाएवढा रुंद.

आणि त्याच्यापाठी ओंडक्यावर रोपाती बसला होता, मांडीवर काथ्याची दोरी वळत.

रोपाती फिआसिलीच्या पाठचा भाऊ. अठराव्या वर्षी तो मुख्य भूमीवर गेला तेव्हा गावाने त्याला हारांत बुडवलं होतं. तोही लाइनबॅकर. नऊ वर्षांनी परत आला. आधी किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडू लागल्या, मग त्याला वारांची नावं सापडेनाशी झाली, मग माणसांची. आता तो बावन्न वर्षांचा होता आणि फिआसिलीला कधी बहीण म्हणे, कधी आई. दोरी मात्र तो न चुकता वळी. घराच्या मागे तिची वेटोळी पडलेली होती, तेवढ्या दोरीने अख्खं गाव बांधता आलं असतं.

दगड पांढरे झाले.

"डावी जड," रोपाती म्हणाला. इंग्रजीत, वर न बघता, झोपेत बोलल्यासारखा.

"डावी जड," पेनी ओरडला, आणि झाडामागे ब्रॅनमची मान वळली. तो आवाज अंगणभर गेला. "इलिया, डावीकडचे तीन उजवीला घे. तू नाही, तू पानं धर. फालेपो, मासे आत्ता नको, मासे शेवटी. केळी आण. चल, चल, ऊब चालली."

पोरं हलली. चिमटे एकमेकांत न अडकता फिरले. दगड सपाट झाले, त्यांवर हिरवी केळी, तारोचे कंद, नारळाच्या दुधातल्या पानांच्या पुरचुंड्या. उमूला दम नसतो, दगड पांढरे झाले की चार-पाच मिनिटांत सगळं लावून झाकावं लागतं, नाहीतर दुपारी कच्चं निघतं.

"मध्ये भोक," रोपाती पुटपुटला.

"मध्ये भोक आहे. कोण उभंय तिथे? सरक, मोठा दगड मध्ये." आणि मग अचानक, वेगळ्याच आवाजात, "मागे. सगळे मागे."

कोणी का विचारलं नाही. सातही पोरं हातातलं टाकून दोन ढांगा मागे गेली. श्वासभर काही झालं नाही. मग कडेचा एक काळसर दगड सूं करून फुटला आणि त्याच्या खपल्या पत्र्यावर ताडताड आदळल्या.

"ओढ्यातला दगड कोणी आणला?" पेनीने विचारलं. रागावून नाही.

"मी," इलिया म्हणाला. "छान गोल होता."

"गोल होता, पण पाणी प्यायलेला होता. ऐकू आलं नाही तुला? रडत होता तो. चल, झाका आता."

पानांचा ढीग उमूवर चढला. धूर कोंडला, मग पानांच्या फटींतून निळा होऊन झिरपू लागला. ब्रॅनम झाडामागून कधी पुढे आला ते फिआसिलीला कळलं नाही. तो रोपातीसमोर उभा होता.

"हे शब्द," तो म्हणाला, "हे आमच्या मैदानावरचे शब्द आहेत. तीस वर्षांपूर्वी आम्ही असेच ओरडायचो. कुणी शिकवलं याला?"

"त्यांनीच," फिआसिलीने भावाकडे बोट केलं. "रोज हा त्यांना समुद्रावर आंघोळीला नेतो. येताना दोघांचं हेच चालतं."

ब्रॅनम गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसला, रोपातीच्या डोळ्यांसमोर. रोपातीने वर बघितलं. त्याला टोपी दिसली, गळ्यातली शिट्टी दिसली. दोरी त्याच्या हातातून सुटली. त्याने चटकन मान खाली घातली.

"मी ठीक आहे, कोच," तो इंग्रजीत म्हणाला. "मी ठीक आहे. मला परत आत पाठवा."

ब्रॅनमचा चेहरा पाणी पडलेल्या कागदासारखा झाला. पेनी आला, खाली पडलेली दोरी उचलून त्याने मामाच्या मांडीवर ठेवली, आणि आपल्या मोठ्या तळव्याने त्याचा हात त्या दोरीवर दाबून धरला. आता तो परत गप्प झाला होता. पाहुण्याकडे त्याने बघितलं नाही.

"फिआसिली."

वायफाले समुद्रावरून आंघोळ करून येत होता. खांद्यावर ओला पंचा. त्याचा आवाज तसा कधीच चढत नसे, आत्ताही चढला नाही. "तानिएलू, पाहुण्यांना समोरच्या घरात ने. कोको दे त्यांना."

दोघं गेल्यावर तो बहिणीजवळ आला.

"चुलीपाशी? राखेत बसवलंस त्याला?"

"तो आपणहून बसला, दादा."

"आयुष्यभर सगळ्यांना रीत शिकवलीस. साठीला आल्यावर सोडलीस?" तो तिच्याकडे न बघता बोलत होता. बहिणीशी भांडताना भावाने तिच्याकडे बघायचं नसतं. "पोराला पाठवायचंय तुला. मग सरळ माग ना. तुला माहीत आहे, तू बहीण म्हणून मागितलंस तर मला नाही म्हणता येत नाही. माझ्या बापालाही त्याच्या बहिणीला नाही म्हणता आलं नव्हतं. आत्याने मागितलं आणि रोपाती गेला."

"म्हणूनच मी मागत नाही."

"मग हे काय होतं?"

"मी फक्त दाखवलं."

वायफालेने ओंडक्यावरच्या भावाकडे बघितलं. रोपाती परत दोरी वळू लागला होता.

"एक दिला आपण त्यांना," वायफाले म्हणाला. "त्यांनी जे परत पाठवलं, त्याचे केस मी रविवारी विंचरतो. दुसरा मागू नकोस. अगदी नुसता दाखवूही नकोस."

तो गेला. फिआसिलीला त्याचा राग आला नाही. गेल्या आठवड्यात तिने त्याला बघितलं होतं, फणी घेऊन रोपातीच्या मागे बसलेला, नावेतल्या माणसासारखा डुलत, त्यांच्या लहानपणीचं काहीतरी गुणगुणत.

मग चर्चमध्ये प्रार्थना झाली. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत होतं, आणि उघड्या खिडक्यांतून समुद्राची झुळूक आली की अख्खी रांग एकदम फडफडे. गाणं वर चढलं तेव्हा फिआसिलीने डोळे मिटले. तिला पेनी तीन वर्षांचा दिसला. तिच्या वर्गाच्या दारात उभा, पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढणारा. 'मान खाली, बाळा,' ती म्हणाली होती, 'असं. शाब्बास.' इतक्या लवकर शिकणारं मूल तिने दुसरं बघितलं नव्हतं. आणि मग तिला रोपातीही दिसला, कुठल्यातरी बर्फातल्या मैदानाच्या कडेला, डोक्यात घंटा वाजत असलेला. कोणीतरी मोठं माणूस त्याला विचारत होतं, ठीक आहेस ना? आणि तो वळणाचा मुलगा होता. तो खाली बघत होता.

तिने डोळे उघडले. गाणं संपलं होतं आणि लोक बसले होते. ती एकटीच उभी होती.

बाराला पानं मांडली. वायफाले आपल्या खांबापाशी, समोरच्या खांबाला ब्रॅनम. त्याला मांडी घालता येईना, म्हणून पसरलेल्या पायांवर वायफालेच्या बायकोने चटई अंथरली. लोकांकडे तळवे होऊ नयेत म्हणून. कडेला तानिएलू, रोपाती, फिआसिली. पेनी कमरेत वाकून येई, 'तुलोऊ' म्हणे, पान ठेवी, वाकूनच मागे जाई. त्याच्या पावलांचा आवाज होत नव्हता.

"आमचं पोर आज्ञाधारक आहे," वायफाले म्हणाला. "उलटून बोलत नाही. कधी बोललं नाही."

"तेच मला विचारायचं होतं," ब्रॅनम म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला. "सकाळी मी त्याला बोलताना ऐकलं. पण तिथे सगळी त्याच्याहून लहान होती. माझ्याकडे तो येईल तेव्हा सगळे त्याच्याहून मोठे असतील. तिथे तो काय करेल?"

"सांगितलेलं करेल."

"मला सांगणारा हवाय, सर."

वाऱ्याने पानाची कड उचलली आणि सोडली. पेनी माशाचं ताट घेऊन दोन खांबांच्या मध्ये वाकलेला होता, आणि तसाच राहिला. उत्तर द्यायचं नव्हतं, हे त्याला बजावलेलं होतं. वायफाले त्याच्यासाठी उत्तर द्यायला तोंड उघडत होता. फिआसिलीच्या लक्षात आलं, आता तो बोलेल आणि मग सगळं संपेल.

"पेनी," ती म्हणाली. वर्गातल्या आवाजात. त्या आवाजाने बसलेली निम्मी माणसं नकळत ताठ झाली. वायफालेसुद्धा. "ताट खाली ठेव. मी तुला एक धडा अर्धाच शिकवला. मान खाली घालायची ती नीट ऐकता यावं म्हणून. ऐकून झालं की वर बघायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. हा पुढचा भाग मी कोणालाच शिकवला नाही. माझी चूक. वर बघ."

"मामा बसलेत, मावशी."

"म्हणूनच."

पेनी सरळ झाला. केवढा उंच होता तो, छप्पर खाली आल्यासारखं वाटलं. त्याने ब्रॅनमकडे बघितलं नाही. त्याने वायफालेकडे बघितलं, आणि वायफालेने, ज्याच्या डोळ्यांत कुळातलं कोणी पोर कधी बघत नसे, नजर काढली नाही.

"मामा, मला जायचंय." आवाज आधी फाटला, मग लागला. "आणि मला भीतीही वाटते. रोपाती मामांसारखं होईल याची. रोज समुद्रावर ते मला सांगतात, मी ठीक आहे, कोच. रोज. त्यांना लागायचं आणि कोणी विचारलं की ते ठीक आहे म्हणायचे. विचारणारे मोठे होते म्हणून." तो थांबला. "माझं डोकं दुखलं तर मी सांगेन. मोठ्याने सांगेन. कोणी कितीही मोठं असलं तरी. आणि खेळ सोडायची वेळ आली तर तेही सांगेन. हे यांच्यासमोर बोलून ठेवतो, म्हणजे नंतर यांना म्हणता येणार नाही की माहीत नव्हतं."

तानिएलू ब्रॅनमच्या कानाशी इंग्रजीत सगळं सांगत होता. शेवटचं वाक्य सांगताना तो अडखळला, पण त्याने ते गाळलं नाही.

ब्रॅनमने पायांवरच्या चटईवरून हात फिरवला. "माझ्याकडून जागा त्याची," तो म्हणाला. "ऑगस्टपासून. आणि त्याने डोकं दुखतं म्हटलं, तर तो बाहेर बसेल. मी तुम्हाला शब्द देतो. पुढचं तुमच्या हातात आहे."

वायफाले रोपातीकडे वळला. रोपाती पेनीकडे बघत होता, डोळे बारीक करून, लांबून येणारी नाव ओळखावी तसा.

"याला सगळं दिसतं," रोपाती म्हणाला. "आता याचा आवाज ऐकूपण येतोय."

बाहेर समुद्र ओहोटीला लागला होता. मागच्या खोपटात पोरं आपल्या जेवणाची वाट बघत बसली होती. मोठ्यांचं झाल्यावर उरलेली ताटं मागे जातात, मग लहानांनी जेवायचं. पेनी जन्मात कधी या घरात बसून जेवला नव्हता.

वायफालेने आपल्यापुढचं पान उचललं. हात न लावलेलं होतं. त्याने ते आपल्या उजव्या बाजूला, रिकाम्या चटईवर ठेवलं.

"बस," तो म्हणाला. "गार होतंय."

पेनीने मावशीकडे बघितलं. मग तो मांडी घालून बसला, अगदी सावकाश, जमीन नवी असल्यासारखा. त्याने तारोचा तुकडा मोडला.

पानावर माश्या आल्या. त्या हाकायला लहानांनी उभं राहायचं असतं, पण आत कोणी लहान नव्हतं. फिआसिलीने खांबाला अडकवलेला पंखा काढला, पेनीच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, आणि तो जेवत असेपर्यंत हळूहळू वारा घालत राहिली.